निळा रंग उशिरा का आला?

रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘क्रिएटिनिन’ नावाची एक ओळ असते. मूत्रपिंडं नीट काम करताहेत का, याचा पहिला अंदाज डॉक्टर त्या आकड्यावरून घेतात. तो आकडा काढायची स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी आहे: नमुन्यात अल्कली आणि पिक्रिक ॲसिड घालायचं. द्रावण नारिंगी होतं. रंग जितका गडद, तितकं क्रिएटिनिन जास्त. ही रंगाची क्रिया माक्स याफे या जर्मन वैज्ञानिकाने १८८६ साली नोंदवली होती. त्या रंगावरून नेमकं प्रमाण काढता येतं, हे १९०४ मध्ये ऑटो फोलिन यांनी दाखवून दिलं. आज रंग वाचायचं काम यंत्र करतं. नळीच्या आत घडणारी गोष्ट मात्र बहुतेक लॅबमध्ये तीच आहे.

हे फोलिन १९०७ पासून १९३४ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत बॉस्टनच्या हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवत होते. त्यांच्या विभागात तयार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी तिघांना पुढे नोबेल मिळालं. चौथ्याला मिळालं नाही, पण आपल्याकडे नाव त्याचंच जास्त घेतलं जातं: येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांची गोष्ट भारतात बहुतेकदा एकट्या, उपेक्षित प्रतिभावंताची म्हणून सांगितली जाते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये तर ते आकाशातून पडल्यासारखे येतात, एकामागून एक औषधं शोधतात आणि अन्याय सोसून मरतात. अन्याय झाला हे खरंच आहे. पण ते ज्या खोलीत शिकले त्या खोलीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तिथे नेमकं काय शिकवलं जायचं? आणि इतकं चांगलं शिकवणाऱ्या जागेला आपलीच माणसं का राखता आली नाहीत?

लघवीपासून सुरुवात

फोलिन मूळचे स्वीडनच्या खेड्यातले. पंधराव्या वर्षी अमेरिकेत आले, मिनेसोटात शिकले आणि १८९८ मध्ये शिकागो विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी झाले. १९०० मध्ये बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटल या मनोरुग्णालयात त्यांना नोकरी मिळाली. मानसिक आजाराचे काही रासायनिक धागेदोरे रुग्णांच्या लघवीत सापडतात का, हे त्यांनी शोधावं अशी अपेक्षा होती.

पहिली अडचण तिथेच आली. रुग्णाच्या लघवीत काहीतरी वेगळं आहे असं म्हणायचं, तर निरोगी माणसाच्या लघवीत काय असतं हे आधी माहीत हवं. ते कुणीच व्यवस्थित मोजलेलं नव्हतं. मग फोलिन यांनी निरोगी माणसांची चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातला एकेक घटक मोजायला घेतला. मोजायच्या पद्धती वेळखाऊ होत्या, म्हणून नव्या पद्धती बनवल्या. १९०५ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यात एक साधी पण महत्त्वाची गोष्ट होती. आहारातली प्रथिनं कमी-जास्त केली की लघवीतला युरिया खूप बदलतो, पण एका माणसाच्या शरीरातून दिवसाला बाहेर पडणारं क्रिएटिनिन जवळपास तेवढंच राहतं. आज डॉक्टर त्या आकड्यावर विसंबतात, त्यामागे हे स्थैर्य आहे.

मानसिक आजाराचं कोडं सुटलं नाही. पण मोजमापाच्या पद्धतींचा एक संच तयार झाला आणि त्याच्या जोरावर फोलिन हार्वर्डला गेले.

तो काळही जुळून आला होता. लाँगवुड ॲव्हेन्यूवरच्या मेडिकल स्कूलच्या संगमरवरी इमारती १९०६ मध्ये नुकत्याच खुल्या झाल्या होत्या. ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ हे नियतकालिक १९०५ मध्ये सुरू झालं होतं. १९०८ मध्ये हार्वर्डने मेडिकल स्कूलच्या विभागांमध्ये पीएचडी करण्याची सोय केली. म्हणजे डॉक्टर घडवणाऱ्या शाळेत आता डॉक्टर न होणारी मुलंही येऊ लागली. १९१० मध्ये एब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावरचा गाजलेला अहवाल आला. दवाखाना सांभाळून जमेल तसं शिकवणाऱ्या डॉक्टरांवर त्यात कोरडे ओढले होते आणि मूलभूत विषयांना पूर्णवेळ, प्रयोगशाळेत तयार झालेले शिक्षक हवेत असं म्हटलं होतं. असे शिक्षक हवेत, तर ते कुठेतरी घडायला हवेत. फोलिन यांचा विभाग ही अशा घडण्याची एक जागा झाली.

दोन अर्धवर्तुळं

तिथे विद्यार्थी काय करत, हे समजून घ्यायचं तर ‘डुबॉस्क कलरिमीटर’ हे यंत्र डोळ्यांसमोर आणावं लागेल. पितळेचा उभा सांगाडा. त्यात शेजारी शेजारी दोन काचेचे पेले. एका पेल्यात प्रमाण माहीत असलेलं रंगीत द्रावण, दुसऱ्यात रुग्णाच्या नमुन्यापासून बनवलेलं. खालून उजेड येतो, दोन्ही द्रावणांतून वर जातो आणि डोळ्याला लावायच्या भिंगात एक वर्तुळ दिसतं. त्याचा अर्धा भाग एका द्रावणाच्या रंगाचा, अर्धा दुसऱ्याच्या. पेल्यांत बुडवलेल्या काचेच्या दांड्यांची खोली कमी-जास्त करत राहायचं. एक क्षण येतो जेव्हा दोन्ही अर्धवर्तुळं एकसारखी दिसतात आणि मधली रेघ पुसली जाते. त्या वेळी पट्टीवरची खोली वाचायची. पातळ द्रावणाला जास्त खोली लागते, दाट द्रावणाला कमी. बाकी साधं गणित.

ऐकायला सोपं वाटतं. खरं कौशल्य पेल्यात द्रावण ओतण्याआधी लागतं. रक्तात प्रथिनं असतात, ती रंग गढूळ करतात. मग ती आधी काढून टाकायची. आपल्याला हव्या त्या पदार्थाशीच रंग यायला हवा, शेजारच्या चार पदार्थांशी नको. रंग पटकन यायला हवा, आला की टिकायला हवा. उन्हात फिका पडता कामा नये. एका जागी हे जमलं तर गावोगावच्या हॉस्पिटलातल्या, फारसं रसायनशास्त्र न शिकलेल्या तंत्रज्ञालाही जमायला हवं. फोलिन यांच्याकडे विद्यार्थ्याला सहसा असंच काम मिळे: अमुक पदार्थ थोड्याशा रक्तात किंवा लघवीत मोजायची खात्रीची पद्धत बसव.

आजच्या भाषेत ही टूल बनवणारी टीम होती. अशा टीमबद्दल एक समज असतो, की ते लोक दुसऱ्यांसाठी हत्यारं करतात आणि खरे शोध दुसरेच लावतात. या विभागाचा इतिहास त्या समजाला धरून चालत नाही.

आले आणि गेले

१९१२ मध्ये जेम्स समनर नावाचा विद्यार्थी फोलिन यांच्याकडे आला. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून त्यांचा डावा हात कोपराखाली कापावा लागला होता, आणि ते मूळचे डावखुरे. उजव्या हाताने सगळं नव्याने शिकून ते टेनिसही खेळू लागले होते. फोलिन यांनी त्यांना सल्ला दिला की वकिली करा. एका हाताच्या माणसाचा रसायनशास्त्रात निभाव लागणार नाही. समनर यांनी तो ऐकला नाही. दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, शरीरात युरिया कसा तयार होतो यावर ते पीएचडी झाले आणि कॉर्नेलला शिकवायला गेले.

रक्तातला युरिया मोजण्यासाठी त्या काळात ‘युरिएज’ हे विकर वापरायला सुरुवात झाली होती. युरियाचे तुकडे करणारा हा पदार्थ सोयाबीनमध्ये आणि जॅक बीनमध्ये, म्हणजे आपल्या अबईच्या शेंगेच्या भावंडात, भरपूर सापडतो. मोजणाऱ्यांना तो वापरायला मिळाला की पुरे होतं. समनर यांनी प्रश्न उलटा केला: हे हत्यार स्वतः कशाचं बनलं आहे? कॉर्नेलमध्ये शिकवण्याचा बोजा मोठा होता आणि उपकरणं बेताची, म्हणून त्यांनी मुद्दाम असा एकच मोठा, बेभरवशाचा प्रश्न धरला. नऊ वर्षं गेली. १९२६ मध्ये जॅक बीनच्या पिठापासून त्यांना युरिएजचे स्फटिक मिळाले आणि ते प्रथिनच निघालं. विकर हे प्रथिन नसतंच, असं रिचर्ड विलश्टेटर हे नोबेलविजेते जर्मन रसायनशास्त्रज्ञ सांगत होते, त्यामुळे वर्षानुवर्षं समनर यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा वारं फिरलं. १९४६ चं नोबेल समनर यांना मिळालं.

शिएन वू चीनमधल्या फूचौचे. एमआयटीत जहाजबांधणी शिकायला आले, रसायनशास्त्राकडे वळले आणि १९१७ मध्ये फोलिन यांच्याकडे दाखल झाले. दोघांची ‘रक्त-विश्लेषणाची पद्धती’ १९१९ मध्ये छापून आली. टंगस्टिक ॲसिडने रक्तातली प्रथिनं एकदाच काढून टाकायची आणि उरलेल्या स्वच्छ पाण्यासारख्या द्रावणातून युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, साखर असं सगळं मोजायचं. तोवर प्रत्येक तपासणीला वेगळी तयारी लागे. पुढच्या वर्षी त्यांनी साखर मोजण्याच्या पद्धतीत सुधारणा केली. ‘फोलिन-वू’ हे जोडनाव पुढे कित्येक दशकं पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत राहिलं. दोन वर्षांत इन्सुलिनचे उपचार सुरू झाले. रक्तातली साखर मोजल्याशिवाय इन्सुलिन देणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं, म्हणून थोड्या रक्तात साखर मोजता येण्याला एकाएकी जीवन-मरणाचा अर्थ आला. वू मात्र तोवर पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात गेले होते. तिथला जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला आणि १९३१ मध्ये प्रथिनांची घडी उलगडल्याने त्यांचे गुणधर्म बदलतात, हा काळाच्या पुढचा सिद्धांत मांडला.

एडवर्ड डॉइझी १९२० मध्ये इथून पीएचडी झाले. सेंट लुइसला जाऊन त्यांनी एस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक वेगळं केलं आणि व्हिटॅमिन केच्या कामासाठी १९४३ चं नोबेल मिळवलं. विली डेनिस या बाईंनी फोलिन यांच्यासोबत रक्त-रसायनाचे अनेक निबंध लिहिले. फिनॉल ओळखणाऱ्या एका अभिकर्मकाला ‘फोलिन-डेनिस’ असं नाव आहे. त्या पीएचडी होऊन आलेल्या सहकारी होत्या. विद्यार्थिनी म्हणून स्त्रियांना हार्वर्ड मेडिकल स्कूलने दारं उघडली ती थेट १९४५ मध्ये. डेनिस यांची कारकीर्द पुढे न्यू ऑर्लिन्सच्या ट्यूलेन विद्यापीठात गेली.

या यादीतला प्रत्येक जण इथे मोजायला शिकला आणि दुसरीकडे जाऊन मोठा झाला. चांगल्या गुरुकुलाचं ते लक्षणच आहे, असं म्हणता येईल. विद्यार्थी घडवून जगात पाठवायचे असतात. पण काहींचं जाणं त्यांच्या मर्जीने होतं, काहींचं नाही.

मद्रासहून आलेला डॉक्टर

सुब्बाराव १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमवरमला जन्मले. दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधींच्या स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घातला. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचलं नाही आणि एमबीबीएसच्या जागी एलएमएस ही खालची पदवी हाती आली. मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात काही काळ शरीररचनाशास्त्र शिकवून, सासऱ्यांच्या मदतीने ते बॉस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय रोगांवरची पदविका घेतली. डॉक्टरकी करायची परवानगी नव्हती. शेजारच्या पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलात रात्रपाळीला हलकीसलकी कामं करून ते गुजराण करत. पत्नी भारतात राहिली. सुब्बाराव परत आले नाहीत.

फोलिन यांच्या विभागात ते सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम करू लागले. काम ठरलेल्या साच्यातलं होतं: जैविक नमुन्यातला फॉस्फरस मोजायची चांगली पद्धत बसवायची. आधीची एक पद्धत याच विभागात शिकलेल्या डॉइझी यांनी बेल यांच्यासोबत १९२० मध्ये दिलेली होती, पण तिच्यात त्रुटी होत्या. फॉस्फेटमध्ये आम्ल आणि मॉलिब्डेट घातलं की एक संयुग बनतं; त्यात योग्य अभिकर्मक घातला की ते निळं होतं. फिस्के आणि सुब्बाराव यांनी त्यासाठी नवा अभिकर्मक वापरला. निळा रंग लवकर येऊ लागला, टिकू लागला. १९२५ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त सव्वीस पानांचा निबंध आला. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ हे नाव आजही भारतातल्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये आहे.

पद्धत झाली. आता ती चालवून बघायची. लघवी, रक्त, सगळीकडे नीट चालली. स्नायूच्या अर्कात मात्र एक विचित्र गोष्ट घडू लागली. निळा रंग यायचा, पण सावकाश. जिथे काही मिनिटांत रंग पूर्ण व्हायला हवा, तिथे तो वेळ जाईल तसा गडद होत राहायचा.

दुसऱ्या एखाद्या लॅबमध्ये ही पद्धतीची खोट मानली गेली असती. वाट बघून, रंग स्थिरावल्यावर आकडा लिहून कुणीही पुढे गेलं असतं. पण आपलं हत्यार शुद्ध फॉस्फेटशी कसं वागतं, हे या दोघांना मिनिटामिनिटाने माहीत होतं, कारण ते त्यांनीच बनवलं होतं. रंग उशिरा येतोय, याचा अर्थ फॉस्फेट सुरुवातीला मोकळं नाही. ते कशाला तरी बांधलेलं आहे आणि परीक्षानळीतल्या आम्लामुळे हळूहळू सुटतं आहे. तोवर सगळे ज्याला स्नायूतलं ‘अकार्बनी फॉस्फेट’ समजत होते, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात एक नाजूक संयुग होता. १९२७ मध्ये त्यांनी ते काय आहे हे जाहीर केलं: क्रिएटिन आणि फॉस्फेट यांची जोडी, फॉस्फोक्रिएटिन. स्नायू आकुंचन पावला की ते घटतं, विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही हा नाजूक पदार्थ दिसला होता.

आज जिममध्ये डबे भरभरून क्रिएटिन पावडर विकली जाते, तिच्यामागे हेच रसायन आहे. १९२७ मध्ये त्याचा अर्थ बराच मोठा होता. लॅक्टिक ॲसिड तयार होण्यामुळे स्नायू आकुंचन पावतो, असं तेव्हा मानलं जाई. स्नायूंवरच्या कामासाठी हिल आणि मायरहोफ यांना नोबेलही मिळालं होतं. फॉस्फोक्रिएटिनने त्या चित्राला तडा दिला. आणि १९२९ मध्ये याच दोघांनी स्नायूतून आणखी एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तो स्वतंत्रपणे मिळवला. तो एटीपी, शाळेच्या पुस्तकात ज्याला पेशीचं ‘ऊर्जेचं चलन’ म्हणतात तो.

१९३० मध्ये सुब्बाराव पीएचडी झाले. एटीपीच्या शोधात ज्याचं नाव आहे, तो माणूस तोवर पदवीने अजून विद्यार्थीच होता.

जागा

पुढची दहा वर्षं सुब्बाराव हार्वर्डमध्येच राहिले. कायमची जागा मिळाली नाही. फोलिन १९३४ मध्ये गेले. त्यांच्यानंतर बेर्ड हेस्टिंग्ज विभागप्रमुख झाले. फिस्के यांच्याशी असलेल्या नात्याबद्दल एक कडू साक्ष आहे. त्याच विभागात शिकलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे म्हटलं, की सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही न्यूक्लिओटाइड्स इतरांना बऱ्याच वर्षांनी पुन्हा शोधावी लागली, कारण फिस्के यांनी, बहुधा मत्सरापोटी, ते काम उजेडात येऊ दिलं नाही. हे एका सहकाऱ्याचं मत आहे. पण प्रबंध सांभाळणारा मार्गदर्शक आणि त्याच्यावर अवलंबून असलेला परदेशी विद्यार्थी यांच्यातलं अंतर ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते अशक्य वाटणार नाही.

बाहेरचा कायदाही पाठीशी नव्हता. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये निकाल दिला होता की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. तो अडसर १९४६ मध्ये दूर झाला. म्हणजे सुब्बाराव हार्वर्डमध्ये होते तोवर त्यांच्यापुढे कायमच्या घराची वाटच बंद होती. आज एच-वन-बीच्या रांगेत असलेल्या माझ्या वयाच्या लोकांना या ओळी वाचताना काहीतरी ओळखीचं वाटेल. रांग निदान पुढे सरकण्याची आशा तरी असते. तेव्हा रांगच नव्हती.

१९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला लेडर्ली या औषध कंपनीत गेले. विद्यापीठ सोडून कंपनीत जाणं तेव्हा उतरणीला लागणं समजलं जाई. तिथे त्यांच्या हाती मोठा चमू आला आणि अवघ्या आठ वर्षांत त्या चमूने जे केलं ते थक्क करणारं आहे. यकृतात अत्यल्प प्रमाणात असलेला एक घटक त्यांना हवा होता. तो रंगाने मोजता येत नव्हता. मग मोजायला जिवाणू वापरले: हा घटक मिळाल्याशिवाय न वाढणारे. जितकी वाढ, तितका घटक. कलरिमीटर बदलला, शिस्त तीच. १९४५ मध्ये लेडर्लीने हा घटक, फॉलिक ॲसिड, प्रयोगशाळेत बनवल्याचं जाहीर केलं. ज्या संग्रहणीने त्यांचे भाऊ गेले, तिच्यावर त्याने गुण येतो. आशाताई गरोदर बायकांना देतात त्या लोहाच्या गोळीत तेच असतं. हत्तीरोगावरची डीईसी ही गोळीही याच काळातली आणि याच कंपनीतली. गडचिरोली-भंडाऱ्याकडे सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमेत ती अजून वाटली जाते.

फॉलिक ॲसिड हाती आलं, तसं त्याचं सोंग घेणारे रेणूही बनवता आले. पेशीला वाटतं फॉलिक ॲसिड मिळालं. प्रत्यक्षात काम अडतं. वेगाने वाढणाऱ्या पेशींना हे जास्त बाधतं. यातलाच ॲमिनोप्टेरिन हा रेणू लेडर्लीकडून बॉस्टनला सिडनी फार्बर यांच्याकडे गेला. फार्बर बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात होते, म्हणजे लाँगवुडवर, सुब्बाराव जिथे रंग वाचायला शिकले त्या इमारतींच्या शेजारी. १९४८ च्या जूनमध्ये त्यांचा निबंध आला: तीव्र ल्युकेमिया झालेल्या सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला. तोवर हा आजार म्हणजे काही आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा हिशेब असे. ॲमिनोप्टेरिनचाच सुधारित भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय त्रेपन्न.

दुसरी गोळी

मघाशी साक्ष दिलेले हिचिंग्ज १९२८ मध्ये हार्वर्डला आले. एका वर्षाने मेडिकल स्कूलमध्ये फिस्के यांच्या गटात दाखल झाले. एटीपीच्या रेणूत ॲडेनिन हा प्युरीन असतो, त्यामुळे प्युरीन अगदी थोड्या प्रमाणात मोजता येणं गरजेचं झालं होतं. हिचिंग्ज यांचा प्रबंध त्याच पद्धतींवर होता, १९३३ चा. साचा पुन्हा तोच: एक पदार्थ, एक मोजणी.

१९३३ हे नोकरी शोधायला भयंकर वर्ष होतं. महामंदी चालू होती. हार्वर्डची पीएचडी खिशात असूनही हिचिंग्ज यांनी पुढची नऊ वर्षं एका तात्पुरत्या कामावरून दुसऱ्यावर उड्या मारत काढली. १९४२ मध्ये तेही औषध कंपनीत गेले: न्यूयॉर्कच्या टकाहोला, बरोज वेलकमच्या लॅबमध्ये. हडसन नदीच्या पश्चिमेला पर्ल रिव्हर, पूर्वेला टकाहो. एकाच विभागात शिकलेले दोघे आता समोरासमोरच्या उपनगरांत होते.

१९४४ मध्ये हिचिंग्ज यांनी गर्ट्रूड एलियन यांना कामावर घेतलं. त्यांच्याकडे एमएस्सी होती. त्या काम सांभाळून रात्री पीएचडीचे तास करत. काही काळाने डीनने सांगितलं, नोकरी सोडून पूर्णवेळ या. त्यांनी पीएचडी सोडली. पेशीला वाढायला डीएनए लागतं, डीएनएला प्युरीन लागतात. मग खोटे प्युरीन दिले तर? प्युरीन म्हणजे काय आणि ते कसे मोजायचे, हे हिचिंग्ज यांना तळहातासारखं माहीत होतं. रेणूमागून रेणू बनवत एलियन १९५१ मध्ये सिक्स-मर्कॅप्टोप्युरीनपर्यंत पोचल्या. १९५३ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. १९८८ चं नोबेल दोघांना मिळालं, एलियन यांना पीएचडीशिवाय.

मग त्या पदवीचा उपयोग काय, असा प्रश्न सहज पडतो. मला त्याचं उत्तर या लॅबमध्ये दिसतं. तिथून मिळणारी खरी वस्तू म्हणजे एखाद्या पदार्थाशी वर्षानुवर्षं झालेली इतकी ओळख, की तो जरा वेगळा वागला तरी खटकावं. ती ओळख समनर यांना नको म्हटलं असतानाही मिळाली. सुब्बाराव यांना रात्री पोटासाठी दुसरी कामं करूनही मिळाली. एलियन यांना ती कामावरच मिळाली, ती ज्याच्याकडे होती अशा माणसाशेजारी उभं राहून. खुर्ची, पगार, निबंधावरचं नाव, राहायचा हक्क या गोष्टी मात्र दुसऱ्याच हिशेबाने वाटल्या गेल्या. एखादी संस्था शिकवण्यात उत्तम आणि माणसं राखण्यात कोती असू शकते, एकाच वेळी, एकाच मजल्यावर.

मुलांमधल्या ज्या ल्युकेमियापुढे १९४८ पूर्वी डॉक्टर हात टेकत, त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारातून आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही अशी असंख्य मुलं उपचार घेतात. आधीचे महिने सलाइन आणि इंजेक्शनांचे असतात. त्यानंतर घरी गोळ्यांवर राहायचा लांबचा टप्पा येतो, दीड-दोन वर्षांचा. त्यात मुख्य गोळ्या दोन: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सिक्स-एमपी. एक सुब्बाराव यांच्या चमूकडून आलेली, दुसरी हिचिंग्ज आणि एलियन यांच्याकडून. १९३० च्या आसपास सुब्बाराव आणि हिचिंग्ज एकाच विभागात होते. एक जण फॉस्फरस मोजत होता, दुसरा प्युरीन. दोघांच्याही पुढ्यातल्या कामात कॅन्सर हा शब्द नव्हता.